पळसाला पानं तीनच, पण तीन पानं म्हणजे क्लोव्हर नव्हे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून संपत आला की माझ्या फोनवर तीन पानांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या कुंडीतले, कुणाच्या सोसायटीच्या लॉनवरचे, कुणी वेताळ टेकडीवर उकिडवं बसून काढलेले. फोटोखाली एकच ओळ असते, ‘हा क्लोव्हर ना? देशी की परदेशी?’ तीच ती उत्तरं टाईप करून कंटाळलो, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतो आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

पुण्यात देशी क्लोव्हर कुठे बघायला मिळेल?

कुठेच नाही. पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे, म्हणून आधी सांगून टाकतो. खरा क्लोव्हर म्हणजे ट्रायफोलियम या प्रजातीतली झाडं. जगात त्यांच्या दोनशेच्या वर जाती आहेत, पण त्यांचं घर थंड हवेत. युरोप, पश्चिम आशिया, अमेरिका, आफ्रिकेतले उंच डोंगर. भारतात मूळच्या क्लोव्हरसाठी काश्मीर-हिमाचलाकडे जावं लागतं. तिथे पांढरा आणि लाल क्लोव्हर कुरणांत आपोआप वाढतो. सह्याद्रीत आणि दख्खनच्या पठारावर यातली एकही जात मूळची नाही.

पुण्यात खरा क्लोव्हर दिसलाच, तर तो कुणीतरी पेरलेला असतो. एक म्हणजे चाऱ्यासाठी लावलेलं बरसीम, दुसरा म्हणजे हौसेने बी आणून लॉनमध्ये टाकलेला पांढरा क्लोव्हर. त्यामुळे ‘क्लोव्हर देशी की परका’ हा प्रश्न पुण्यापुरता सुटलेलाच आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. समोरचं रोप क्लोव्हर नसेल, तर ते काय आहे आणि ते इथलं आहे का?

मग माझ्या कुंडीत तीन बदामी पानांचं जे उगवलंय ते काय?

शंभरातल्या नव्वद फोटोंत आंबुशी असते. शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा. क्लोव्हरशी तिचं दूरचंही नातं नाही. क्लोव्हर, मेथी, तूर, पळस हे सगळे एका शेंगावर्गीय कुळातले, आणि आंबुशीचं कूळ निराळंच.

ओळखायला सोपी. प्रत्येक पान तीन पर्णिकांचं, म्हणजे तीन छोट्या पानांचं मिळून झालेलं असतं आणि प्रत्येक पर्णिका टोकाला खाचलेली, पत्त्यांमधल्या बदामासारखी. ती मधोमध दुमडते, म्हणून रात्री किंवा कडक उन्हात पान मिटलेल्या छत्रीसारखं दिसतं. फूल पिवळं, सुटं, पाच सारख्या पाकळ्यांचं. क्लोव्हरचं फूल तसं नसतं. त्याचा बारीक बारीक फुलांचा गोल गेंद असतो, आणि त्यातलं प्रत्येक फूल भिंगातून पाहिलं तर वाटाण्याच्या फुलाची छोटी आवृत्ती वाटतं. आंबुशीचं बोंड उभं, टोकदार, शिंगासारखं. ‘कॉर्निक्युलाटा’चा अर्थच बारीक शिंगं असलेली. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की बी फुटाफुटावर उडतं. म्हणूनच एका कुंडीतली आंबुशी महिनाभरात शेजारच्या चार कुंड्यांत दिसते. त्यात तुमची काही चूक नाही.

चवीवरून तर लहान मूलही सांगेल, कारण तिची आंबट चव ऑक्झॅलिक आम्लामुळे असते. पण रस्त्याकडेची, फवारणी झालेली किंवा कुत्र्यांच्या वाटेवरची आंबुशी चाखून ओळखायला जाऊ नका. घरच्या वाफ्यातली असेल तर डाळ घालून तिची पातळ भाजी छान होते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र बेताने खावी.

आंबुशी तरी देशी आहे का?

इथे मी एका शब्दात उत्तर देत नाही, आणि कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. आंबुशी आज जवळजवळ सगळ्या उष्ण जगात पसरलेली आहे आणि तिचं मूळ गाव कुठलं यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही. बागेत, कुंडीत, मातीच्या ढेकळांबरोबर ती माणसामागोमाग फिरत आली, त्यामुळे तिच्या पाऊलखुणा पुसल्या गेल्या आहेत. दुसरीकडे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत चांगेरी आहे आणि ती म्हणजे हीच, असं साधारण मानलं जातं. म्हणजे ती काल-परवा जहाजातून उतरलेली नक्कीच नाही. मी तिला ‘जुनी रहिवासी’ म्हणतो आणि पुढे जातो.

गुलाबी फुलांची आंबुशीसुद्धा तीच का?

नाही. ती सरळसरळ पाहुणी आहे. पुण्यातल्या बागांत गुलाबी फुलांच्या दोन जाती सापडतात. ऑक्झॅलिस डेबिलिसची पानं मोठी आणि गोलसर बदामी असतात, ती मूळची दक्षिण अमेरिकेची. ऑक्झॅलिस लॅटिफोलियाच्या पर्णिका त्रिकोणी, माशाच्या शेपटीसारख्या. तिचं घर मेक्सिको ते दक्षिण अमेरिका.

दोघींनाही जमिनीवर सरपटणारी खोडं नसतात. पानांचे देठ थेट जमिनीतून वर येतात आणि खाली कांदा असतो, त्याला चिकटून बारीक कांद्यांचं लेंढार. बी फारसं धरत नाही, पसारा या कांद्यांवरच चालतो. आता माळी खुरपं घालून खसकन उपटतो तेव्हा काय होतं ते बघा. पानं हातात येतात, पिल्लं मातीत विखुरतात, आणि पुढच्या पावसात एका रोपाची वीस रोपं. उपटायचीच असेल तर ओल्या मातीत, खोल खणून, मातीचा गड्डा चाळून काढा. आणि ती माती खतकुंडीत टाकू नका, नाहीतर तीच खतातून सगळ्या बागेत जाईल.

रोपवाटिकेत मिळणारी जांभळ्या पानांची त्रिकोणी ‘फुलपाखरू’ ऑक्झॅलिस, तीही दक्षिण अमेरिकेचीच.

पानांवरून देशी-परकं कळत नाही का?

नाही. आपल्या स्वयंपाकघरातच पुरावा आहे. तूर इथली, ती भारतातच माणसाळली. फरसबी अमेरिकेतून आली. मेथी पश्चिमेकडून फार जुन्या काळी आलेली. तिघींची पानं तीन-तीन पर्णिकांची. आणि ज्या पळसाच्या नावाने म्हण आहे, तो तर पक्का इथला. पानावर गावाचं नाव लिहिलेलं नसतं.

मात्र पानावरून गट नक्की कळतो, आणि गट कळला की अर्धं काम झालं. मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम सांगतो.

पर्णिकेच्या टोकाला खोल खाच आणि मधोमध घडी असेल तर आंबुशीचा गट. खाच नाही किंवा अगदी उथळ आहे, तर मधली पर्णिका पाहा. तिला स्वतःचा वेगळा छोटा देठ आहे का? पांढऱ्या क्लोव्हरमध्ये आणि बरसीममध्ये तिन्ही पर्णिका एकाच बिंदूतून निघतात. लसूणघास, मेथी आणि त्यांच्या रानटी भावंडांत मधली जराशी पुढे सरकलेली असते. मग कडा पाहा. बोटाने चाचपून किंवा मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन. लसूणघास-मेथीच्या गटात टोकाकडे बारीक दाते असतात, तर आपल्या टेकडीवरच्या देशी डेस्मोडियममध्ये (हिची ओळख पुढे रानमेथीच्या उत्तरात आहे) कडा साफ असते.

तरीही शंका उरली तर एक रोप मुळासकट हलक्या हाताने काढा. शेंगावर्गीय असेल तर मुळांवर बहुधा बारीक गाठी दिसतील, ताजी गाठ चिरली की आत गुलाबी रंग. आंबुशीला अशा गाठी नसतात. या गाठींची एक गंमत सांगायची राहू नये. त्या ज्या जिवाणूंमुळे होतात ते गटागणिक वेगळे. मेथीचे जिवाणू लसूणघासाला चालतात, पण क्लोव्हरला त्याचे स्वतःचे लागतात. म्हणून एखाद्या शेतात पहिल्यांदा बरसीम पेरताना बियाला जिवाणू संवर्धन चोळायला सांगतात. बरसीम इथलं नाही, ही गोष्ट आपली माती अशी सांगते.

रानमेथी म्हणजे नेमकी कोणती? प्रत्येकजण वेगळं रोप दाखवतो.

सगळ्यांचंच बरोबर आहे, आणि म्हणूनच घोळ आहे. मेथीसारखं दिसलं आणि पेरलेलं नसलं की आपण रानमेथी म्हणून मोकळे होतो. पुण्यात हे नाव मी किमान दोन अगदी वेगळ्या रोपांना लावलेलं ऐकलं आहे.

पहिली डेस्मोडियम ट्रायफ्लोरम. ही जमिनीला अगदी चिकटून पसरते, पर्णिका जेमतेम सेंटिमीटरभर, फुलं गुलाबी-जांभळी, पानाच्या बगलेत एक ते तीन. शेंग चपटी, तीन ते पाच सांध्यांची. एक कड सरळ आणि दुसरी खाचाखाचांची. ती सांध्यावर तुटते आणि मोज्यांना चिकटून घरापर्यंत येते. टेकड्यांवरच्या पायवाटा, शाळांची मैदानं, जुन्या लॉनच्या कडा, जिथे पाय पडतात तिथे ही हमखास. ही आपली, निःसंशय देशी. ‘क्लोव्हर’ म्हणून मला पाठवलेल्या फोटोंत आंबुशीखालोखाल हिचाच नंबर लागतो.

दुसरी मेलिलोटस इंडिकस. ही उभी, गुडघ्यापर्यंत येणारी, हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्यात आणि नदीकाठच्या ओलीत दिसणारी. पिवळी अगदी बारीक फुलं लांबट तुऱ्यात, शेंग गोलसर आणि इवलीशी. वाळल्यावर तिला नव्या कडब्यासारखा गोड वास येतो. तिचा नैसर्गिक पसारा भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतापर्यंत मानला जातो, तरी आपल्याकडे ती दिसते ती मुख्यतः पिकाच्या सोबतीने. पांढऱ्या फुलांची, जास्त उंच असलेली मेलिलोटस दिसली तर ती बाहेरून आलेली.

याच माळावर खुळखुळ्याची एक बारकी जातही असते, क्रोटालेरिया मेडिकॅजिनिया. तीन पर्णिका, पिवळं फूल. पण शेंग वाटोळी, फुगीर, मणी ओवल्यासारखी. हीसुद्धा इथलीच.

लसूणघास आणि बरसीम यांत फरक काय? दोन्ही हिरवा चाराच ना?

फुलावर आले की फरक शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. लसूणघासाला निळी-जांभळी फुलं आणि स्प्रिंगसारखी पिळलेली शेंग. बरसीमला पांढुरके गेंद, शेंग सुकलेल्या फुलाच्या आतच दडलेली, आणि खोड पोकळ, रसाळ. लसूणघास एकदा लावला की तीन-चार वर्षं कापत राहता येतो. बरसीम एका हिवाळ्याचं पाहुणं, उन्हाळा लागला की संपलं. म्हणूनच दौंड-शिरूरकडे तुम्हाला घासच जास्त दिसेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला आर. एल. ८८ हा वाण तिथल्या कुठल्याही गोठ्यात विचारा.

दोन्ही परकेच. लसूणघासाच्या शास्त्रीय नावातलं ‘मेडिकॅगो’ इराणकडच्या प्राचीन मिडिया प्रदेशावरून आलं आहे, आणि बरसीमच्या ‘अलेक्झांड्रिनम’मध्ये इजिप्तचं अलेक्झांड्रिया शहर आहे. भारतात बरसीम इजिप्तहून आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. लसूणघासाचा लसणाशी संबंध नाही. ‘लुसर्न’चंच बोलीतलं रूप असावं, असं मला वाटतं.

एकदा मी हौसेने ‘क्लोव्हर’ असं छापलेलं बियांचं पाकीट आणलं. दोन महिने निगुतीने पाणी घातलं आणि फुललं काय, तर जांभळा लसूणघास. शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “हा घास आहे रे.” त्यांचं माहेर शिरूरचं.

परक्या चाऱ्याबरोबर आणखी काही येतं का?

येतं, आणि याकडे फार कमी लोक बघतात. लसूणघासाच्या बियांत अमरवेलीचं बी मिसळलेलं असू शकतं. मग हिरव्यागार वाफ्यात पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरतं आणि घास पिवळा पडत जातो. बोरीवर किंवा इतर झाडांवर लोंबणारी जाड वेलीची अमरवेल आपली आहे, कुस्कुटा रिफ्लेक्सा. घासावरची बारीक दोऱ्याची बहुतेक वेळा कुस्कुटा कॅम्पेस्ट्रिस असते, आणि ती उत्तर अमेरिकेची. बी प्रमाणित घ्यावं. तेवढ्यावरही दिसलीच, तर फुलायच्या आत तेवढा पट्टा घासासकट कापून जाळावा.

बरसीमच्या बियांतून तशीच कासनी, म्हणजे चिकोरी, तण म्हणून येते. त्यावर जुना उपाय आहे. मिठाच्या पाण्यात बी टाकलं की कासनीचं हलकं बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं आणि बरसीमचं बी साध्या पाण्याने धुऊन घ्यायचं.

परकं म्हणजे वाईटच ना? आक्रमक वगैरे?

नाही हो. या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. बाहेरून आलं ते परकं. पेरल्याशिवाय स्वतःच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते रुळलेलं. आणि रुळून इतरांना हुसकावू लागलं ते आक्रमक. लसूणघास शंभर ठिकाणी पेरला जातो, पण पाणी तोडलं की शेताबाहेर फार जात नाही. म्हणजे परका, पण निरुपद्रवी. गुलाबी आंबुशी रुळलेली आहे आणि बागेपुरती त्रासदायक आहे. आक्रमक म्हणजे काय, हे पुणेकरांना दुसऱ्या कुणी शिकवायला नको. १९५५ साली भारतात गाजरगवत ठळकपणे नोंदलं गेलं ते याच शहरात, आणि आज ते देशभर आहे. त्याच्यापुढे कुंडीतली आंबुशी म्हणजे लिंबूटिंबू.

मला चार पानांचा क्लोव्हर सापडला! भाग्य उजळणार का?

भाग्याचं मी बोलत नाही, पण रोप कुठे सापडलं ते सांगा. मुळशी-मावळातल्या भातखाचरात, डबक्याच्या काठाला, चिखलात असेल तर ते मार्सिलिया. ते फूलझाडच नव्हे, ते नेचं (फर्न) आहे. कोवळं पान नेच्यासारखं गुंडाळलेलं असतं आणि त्याला फूल कधीच येत नाही. देठाच्या तळाशी दाण्यासारखे कठीण कोश दिसतात, त्यात बीजाणू असतात. हे पूर्णपणे देशी, आणि चार पर्णिका हाच त्याचा नेहमीचा हिशेब. म्हणजे भातखाचरात भाग्यवान पानं ढिगाने आहेत.

‘लकी क्लोव्हर’ म्हणून कुंडीत विकत आणलं असेल, पर्णिकांच्या मध्याशी गडद जांभळा पट्टा असेल, तर ती मेक्सिकोची ऑक्झॅलिस टेट्राफायला. तीही क्लोव्हर नव्हे.

गवताचं लॉन काढून क्लोव्हरचं लॉन करावं म्हणतोय. पाणी कमी लागतं म्हणे?

परदेशातले व्हिडिओ बघून हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो. पांढरा क्लोव्हर थंड, ओल्या हवेचा. ओळख सांगतो. प्रत्येक पर्णिकेवर बहुधा फिकट पांढरा कंस असतो, खोड जमिनीवर सरपटत गाठीगाठीला मुळं धरतं, गेंद लांब उघड्या देठावर येतो आणि फुलून गेलेली फुलं खाली मान टाकतात. पुण्याच्या हिवाळ्यात तो सुंदर दिसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे गेला की त्याला जगवायला तुम्ही जेवढं पाणी घालाल, तेवढ्यात गवतही जगलं असतं.

त्यापेक्षा लॉनच्या कडेला आपोआप आलेली देशी डेस्मोडियम तण म्हणून खरवडून काढू नका. ती तुडवलेली सोसते, कापायला लागत नाही आणि मुळांतल्या गाठींमुळे जमिनीत नत्रही येतं. शिवाय लेसर ग्रास ब्लू फुलपाखराच्या अळ्या अशाच बारीक शेंगावर्गीय रोपांवर वाढतात. पिवळ्या आंबुशीवर पेल ग्रास ब्लूच्या. नखाएवढं, जमिनीलगत भिरभिरणारं करड्या-निळ्या रंगाचं फुलपाखरू तुमच्या गच्चीवर दिसत असेल, तर त्याचं बाळंतघर बहुधा तुमच्याच कुंडीतली आंबुशी आहे. माझ्या मते एक कुंडी तिला सोडून द्यायला हरकत नाही. दरवर्षी परक्या बियांची पाकिटं आणून पायाखालची देशी रोपं उपटायची, हे मला पटत नाही.

गुरांना यातलं काय घालू नये?

ओला, कोवळा घास किंवा बरसीम उपाशी जनावराला एकदम भरपूर घातलं की पोटफुगी होते, हे कुठलाही गोठेवाला सांगेल. सुका चारा मिसळून घालतात. मेलिलोटसचा बुरशी लागलेला चारा मात्र खरोखर घातक आहे. उत्तर अमेरिकेत १९२० च्या दशकात असा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मेली. त्याचं कारण शोधता शोधता विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत कार्ल लिंक यांच्या चमूने डायकुमारोल हे रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं केलं, आणि पुढे त्यातूनच वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध आलं. तुमच्या घरात कुणी ती गोळी घेत असेल, तर तिच्या मुळाशी या मेलिलोटसची भावंडं आहेत.

फोटो पाठवताना काय काढू? नक्की कुणाला विचारू?

नुसत्या पानांचा फोटो पाठवू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. पानाची वरची आणि खालची बाजू, फूल जवळून, शेंग किंवा बोंड, आणि रोप जमिनीवर सरपटतं की उभं राहतं हे कळेल असा एक. मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. जागा आणि तारीख लिहा. शेंग नसेल तर दोन आठवडे थांबा, रोप कुठे पळून जात नाही. ॲपने ‘व्हाइट क्लोव्हर’ सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. पुण्यातल्या पिवळ्या फुलाच्या आंबुशीलासुद्धा ॲपने क्लोव्हर म्हटलेलं मी पाहिलं आहे.

काटेकोर खात्री हवी असेल तर पुणे त्या बाबतीत नशीबवान आहे. कोरेगाव पार्कजवळ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे आणि लॉ कॉलेज रस्त्यालगत आघारकर संशोधन संस्था. दोन्हीकडे वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. आधी विचारून, परवानगी घेऊन जा. जुन्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद करणारे थिओडोर कूक हेही पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. एखादं रोप तेव्हा रानात होतं की फक्त शेतात, हे बघायला तो अजूनही उघडला जातो.

हे सगळं बघायला कधी आणि कुठे जाऊ?

डेस्मोडियम आणि बारका खुळखुळा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सकाळी, वेताळ टेकडी किंवा तळजाईच्या पायवाटेवर. मार्सिलिया भाताच्या दिवसांत मुळशीकडे. मेलिलोटस जानेवारीत, गव्हाच्या बांधावर, शेतकऱ्याला विचारून. लसूणघास केव्हाही, गोठ्याशेजारी, कापणी थोडी लांबली की फुलावर सापडतो. आंबुशीसाठी कुठे जायची गरज नाही, गॅलरीचं दार उघडा.